उत्तर आलं नाही तर

१

सकाळी उठल्यावर पहिलं काम टॉवेल भिजवायचे. पिळून त्यांच्या गुंडाळ्या करायच्या आणि खिडक्यांच्या फटींत दाबून बसवायच्या. मग फोनवर हवेच्या प्रदूषणाचा आकडा बघायचा. दोनशेच्या खाली असला तर मास्क लावून भाजी आणायची, वर असला तर घरात असेल त्यावर भागवायचं. २०१५च्या सप्टेंबरात सिंगापुरात सगळ्यांचंच असं चाललं होतं. समुद्रापलीकडे सुमात्रात जमीन जळत होती आणि तिचा धूर आमच्याकडे येऊन बसला होता.

सेंगकांगमधल्या आमच्या अकराव्या मजल्यावरून एरवी समोरचा ब्लॉक दिसतो, बांबूंवर वाळत घातलेले कपडे दिसतात. त्या दिवसांत काचेबाहेर फक्त पांढरं होतं. उंच रुळांवरून जाणारी एलआरटीची छोटी रेल्वेगाडी आधी ऐकू यायची, मग दोन दिवे दिसायचे, मग तेही दिसेनासे व्हायचे. त्या गाडीला चालक नसतो. इतक्या वर्षांत त्याचं मला काही वाटलं नव्हतं.

घरात मी एकटीच होते. मुलगी, ऋचा, मेलबर्नला शिकते. माझा नवरा निशिकांत जाऊन सात महिने झाले होते. मी कथा लिहिते, पण त्या सात महिन्यांत एक ओळही लिहून झाली नव्हती. धुराचं निमित्त मला खरं तर बरंच वाटलं. कुणी बोलावत नव्हतं, आणि बोलावलं तरी नाही म्हणायला कारण होतं.

आमच्या फ्रीझरमध्ये मटारांच्या पिशवीखाली निशिकांतची वही होती.

२

निशिकांत जहाजावर चीफ इंजिनियर होता. तेलाचे भाव पडले तेव्हा त्याच्या कंपनीने एक जहाज नॉर्वेच्या उत्तर टोकाजवळ, डोंगरांमधल्या एका खाडीत, बंद करून नांगरून ठेवलं. जवळचं गाव चाळीस किलोमीटरवर. जहाजावर दोनच माणसं, निशिकांत आणि एक फिलिपिनो मेट, म्हणजे डेकवरचा अधिकारी. जानेवारीच्या मध्याला मेटचं अपेंडिक्स दुखायला लागलं आणि हेलिकॉप्टर त्याला घेऊन गेलं. बदली माणूस चार दिवसांत येणार होता. मग वादळ आलं, खाडी गोठली, जहाजाच्या अँटेनावर बर्फ चढून फोन बंद पडला. बदली पोहोचली सव्विसाव्या दिवशी.

आलेल्या लोकांना जनरेटर चालू सापडला. केबिन ऊबदार होती. टेबलावर वरणभाताची ताटली दुसऱ्या ताटलीने झाकलेली होती. जाड जाकीट खुंटीला होतं. निशिकांत जहाजापासून चारशे मीटरवर बर्फात होता, अंगात घरात घालायचा स्वेटर. जवळपास काही नव्हतं, झोपडी नाही, झाड नाही. अहवालात लिहिलं होतं, बसलेल्या स्थितीत.

तो बाहेर का गेला, हे कुणाला सांगता आलं नाही. आजारी नव्हता, प्यायलेला नव्हता. पंचवीस वर्षं बोटीवर काढलेला माणूस जाकिटाशिवाय बर्फात जात नाही. त्याच्याबद्दलचे बाकीचे सगळे प्रश्न मी हळूहळू सोडून दिले. हा एक सुटला नाही.

वही त्याच्या खिशात होती. कंपनीच्या खोक्यातून माझ्याकडे आली तेव्हा ती भिजून फुगलेली, पानं एकमेकांना चिकटलेली. माझी मैत्रीण मधुवंती जुने कागद दुरुस्त करायचं काम करते. तिने फोनवरच सांगितलं, आधी फ्रीझरमध्ये टाक, नाहीतर बुरशी धरेल. वाचायची हिंमत होईल तेव्हा काढ. ती सप्टेंबरात झाली. मधुवंतीने टीपकागद आणि हाडाची पातळ सुरी आणून दिली आणि एसीच्या वाऱ्यात रोज एकच पान सोडवायचं असं बजावलं.

"घाई केलीस तर कागदाला कळतं गं," ती म्हणाली. "तू कथा रखडवतेस ना वर्षवर्ष, तशीच ही रखडव."

३

आणखी एक गोष्ट आधी सांगायला हवी.

जहाजाच्या इंजिनरूममध्ये माणूस एकटा असला की दर थोड्या वेळाने एक बटण दाबावं लागतं. मी शुद्धीवर आहे, एवढाच त्याचा अर्थ. ते दाबलं नाही तर वर घंटा वाजते आणि लोक बघायला खाली येतात. निशिकांतने ती सवय घरी आणली होती. तो भिंतीवर बोटांच्या पेरांनी दोनदा ठोठावायचा, मी ओट्यावर पळी दोनदा वाजवायची. म्हणजे ठीक आहे, यायची गरज नाही. उत्तर आलं नाही तर हाका मारत बसायचं नाही, उठून बघायला जायचं. ऋचा या प्रकाराला आमचं सुतारपक्ष्यांचं लग्न म्हणायची.

एकदा मी टेबलाशी लिहीत होते. तो आंघोळीला गेला होता. त्याने आतून ठोठावलं ते मला ऐकूच आलं नाही. बऱ्याच वेळाने पायाला ओलं लागलं म्हणून मान वर केली, तर हा समोर टॉवेल गुंडाळून उभा, डोक्याला साबणाचा फेस, खाली पाण्याचं थारोळं.

मी विचारलं, किती वेळ उभा आहेस असा.

"तू मान वर करेपर्यंत," तो म्हणाला. "कामात होतीस."

४

पहिली आठ पानं सहज सुटली. एका पानावर एक दिवस, पेन्सिलीने, कारण थंडीत पेन चालत नाही. तापमान, तेलाची पातळी, कुठल्या पाइपला बर्फ धरला. सूर्य उगवतच नव्हता. दुपारी तासभर डोंगरामागे राखाडी उजेड यायचा आणि जायचा. मनगटावरचं घड्याळ त्याने नेहमीसारखं सिंगापूरच्या वेळेवर ठेवलं होतं. वहीत सगळ्या वेळा घरच्या होत्या.

नववं पानही असंच होतं. दहावं मी एका मंगळवारी संध्याकाळी सोडवलं.

'दिवस १०. उणे २४. वारा नाही. ०७:१५ कुकरच्या शिट्ट्या, तीन. चौथी अर्धी. मागच्या बाजूने, बर्फाकडून.'

मी हसले. एकटा माणूस, गोठलेली खाडी, त्याला घर आठवणार नाही तर काय. ताटली धुवायला उठले आणि नळाशी थांबले. त्या दिवशी सकाळी सव्वासातला माझा कुकर वाजत होता. चौथी शिट्टी सुरू होताना ऋचाचा फोन आला म्हणून गॅस बंद केला. शिट्टी मध्येच बसली होती.

मी स्वतःला सांगितलं, कुकर रोजच लागतो. चौथी शिट्टी आयुष्यात कितीदा तरी अर्धी राहते. हे पान जानेवारीतलं आहे. ते फ्रीझरमध्ये मटारांखाली होतं तेव्हा मी हा मंगळवार पाहिलाही नव्हता.

अकराव्या पानावर एलआरटी होती. बाराव्यावर स्टीलचा डबा पडून गोल फिरत राहिल्याचा आवाज होता, आणि त्यापुढे कंसात त्याने लिहिलं होतं, झाकण नव्हे, डबाच. डबाच होता. रव्याचा. मी तो दुपारी पाडला होता आणि अजून ओट्याखाली रवा सापडत होता.

तरीही मी सुज्ञपणे विचार करत राहिले. त्याने पंधरा वर्षं या घरातले आवाज ऐकले होते. आठवणीतून त्याने कुठलाही आवाज लिहिला असता तरी या घरात तो आज ना उद्या झालाच असता. मीच जुळवून घेत होते. मन लावलं की सगळं जुळतं.

मग हवा शुद्ध करायचं यंत्र आलं. ऋचाने ऑनलाइन मागवलं होतं. सकाळी डिलिव्हरीवाला आला, मी खोकं उघडलं, सोफ्याजवळ लावलं. आमच्या घरात असलं यंत्र कधीच नव्हतं. निशिकांतने ते पाहिलं नव्हतं, ऐकलं नव्हतं.

'दिवस १३. ०९:४० पासून सलग घरघर. लहान फॅन. डाव्या बाजूचं बेअरिंग कोरडं आहे. नवीनच दिसतंय, बदलून घ्यायला सांगायला हवं.'

मी जमिनीवर बसून यंत्राला कान लावला. उजवीकडून नुसतीच हवा वाहत होती. डावीकडे, अगदी बारीक, काहीतरी घासत होतं. दिवसभरात माझ्या ते लक्षात आलं नव्हतं.

५

त्यानंतर माझं घरात वागणं बदललं. भांडं खाली ठेवताना मला वाटायचं, हे ऐकलं गेलं. मी चालले की ऐकलं जात होतं. मी नाक शिंकरलं तेही सोळाव्या पानावर होतं, 'सर्दी आहे तिला'. तोपर्यंत त्याने 'तिला' म्हणायला सुरुवात केली होती.

त्याच्या आधी, पंधराव्या दिवशी, एक गोष्ट झाली. संध्याकाळी सहाला मी ओट्याशी होते. भिंतीतून दोनदा टकटक आली. सरकारी ब्लॉकमध्ये राहणाऱ्यांना याचं काही वाटत नाही. वरच्या मजल्यावर गोट्या पडतात, खुर्च्या सरकतात, पाइप वाजतात. वर जाऊन विचारलं तर वरच्याकडे ना गोट्या असतात ना मुलं. मी विचार न करता पळी उचलली आणि ओट्यावर दोनदा वाजवली. हाताची सवय होती. वाजवून झाल्यावर पळी तिथेच ठेवून वहीकडे गेले.

पान सोडवायला त्या दिवशी नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला.

'दिवस १५. १८:०० रेलिंगवर पाना दोनदा मारून बघितला. वेडेपणा आहे. उत्तर आलं. दोन. दगडावर धातू. ओटा.'

आणि खाली, वेगळ्या ओळीत, 'बरं वाटलं.'

मग हे रोजचंच झालं. सहाला टकटक यायची, मी पळी वाजवायची. साडेसहाला पान सोडवून वाचायचं. सकाळच्या कुकरवरून त्याला सकाळ कळत होती, माझ्या अंथरूण झटकण्यावरून रात्र. त्याने लिहिलं होतं की आता झोप लागते. भूक लागते. आवाज कुठून येतात तेही त्याने नीट मोजून ठेवलं होतं. जहाजाच्या मागच्या बाजूला, आग्नेयेला, अंदाजे चारशे मीटर. दुर्बिणीतून तिथे काही दिसत नव्हतं. 'बर्फच आहे. पण तिथूनच येतात.'

चारशे हा आकडा मी पाहिला. पाहून पान पालथं ठेवलं.

बाहेर आकडा तीनशेवर गेला. शाळा बंद ठेवल्या. शेजारच्या मिसेस टॅन एक दिवसाआड बार्लीचं पाणी आणून द्यायच्या आणि माझी छाती वाजते म्हणून दटावायच्या. नोव्हेना भागातल्या डॉक्टरनेही तेच सांगितलं, शक्य असेल तर काही दिवस सिंगापूरबाहेर जा. ऋचाने मला न विचारता शनिवारचं तिकीट काढलं.

"आई, नो मोअर एक्स्क्यूजेस लाह," ती तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली. "तू तिथे बसून कोणाची वाट बघतेयस?"

मी म्हटलं, वहीची थोडी पानं राहिली आहेत.

ती म्हणाली, "बाबांची वही इथे पण वाचता येते."

ते खरं होतं. वही बॅगेत मावली असती. पण मी घरातून गेले तर घरात आवाज कोण करणार, हे मी तिला कसं सांगणार होते? सकाळी कुकर लागला नाही, सहाला उत्तर गेलं नाही, तर त्या अंधारात तो काय समजेल? खाली भाजी आणायला जातानासुद्धा मी रेडिओ लावून जायला लागले होते. पंधरा मिनिटांत परत यायचे. मिसेस टॅन लिफ्टशी बोलत उभ्या राहिल्या तर माझे पाय आपोआप दाराकडे वळायचे. खिडक्या बंद, दार बंद, फटींत टॉवेल, आणि बाहेर पांढरं. घरात मी होते, आणि माझ्या प्रत्येक हालचालीकडे कुणीतरी कान लावून होतं, ज्याला माझ्याशिवाय दुसरं काही ऐकू येत नव्हतं.

वहीची दोनच पानं चिकटलेली राहिली होती. बाकीची वही कोरी होती, हे कडेने दिसत होतं.

६

बुधवारी मी स्वतःशी भांडले. मी शिकलेली बाई आहे. बापाविना राहिलेली एक मुलगी मला बोलावते आहे आणि मी रेडिओ लावून भाजीला जाते. हे थांबवायला हवं होतं. आणि थांबवण्याचा एक सरळ मार्ग होता.

गुरुवारी दिवसभर आवाज करायचा नाही. काहीच नाही. मग संध्याकाळी पान बघायचं. त्यात नेहमीसारखे कुकर आणि डबे असले तर हे सगळं त्याच्या मनातलं होतं, त्याचा माझ्याशी संबंध नव्हता. मी शनिवारी विमानात बसायला मोकळी. आणि पानावर शांतता असली, तर निदान मला कळेल. शेवटी कागद सात महिन्यांपूर्वी लिहिलेला होता. माझ्या गप्प बसण्याने त्यातलं अक्षरही हलणार नव्हतं. असा मी विचार केला, आणि तो मला पटला.

बुधवारी रात्रीच यंत्र बंद केलं. गुरुवारी चपला घातल्या नाहीत. ब्रेड आणि केळी खाल्ली. नळ उघडला नाही, फ्लश केला नाही. फोन बंद करून उशीखाली ठेवला. एसीसुद्धा बंद. दुपारपर्यंत घर तापलं आणि त्याला धुराचा वास यायला लागला. खोकला आला की मी तोंडात टॉवेल कोंबायचे.

अकराला मिसेस टॅननी बेल वाजवली. पुन्हा वाजवली. दाराबाहेरच्या जाळीला बरणी अडकवल्याचा आवाज आला, मग त्यांच्या सपाता लांब गेल्या. मी सोफ्यावर पाय वर घेऊन बसून होते.

सहाला टकटक आली.

मी दोन्ही हात मांड्यांखाली घातले. थोड्या वेळाने पुन्हा आली, जरा जोरात. एवढी स्पष्ट ती कधीच नव्हती. मग तिसऱ्यांदा. दोनच, नीट अंतर ठेवून, घाई न करता. नियम मला पाठ होता. माझे हात मांड्यांखाली मुंग्या येऊन बधिर झाले.

चौथ्यांदा आली नाही. मला सुटल्यासारखं वाटलं, हेही लिहायला हवं.

७

'दिवस १९. उणे ३१. सकाळी कुकर नाही. फॅन बंद. पाणी नाही, पाऊल नाही.

१२:०० काही नाही.

१६:०० काही नाही. पडली असेल. छाती वाजतेच आहे तिची आठवडाभर.

१८:०० दोन दिले. उत्तर नाही.

१८:१० दोन दिले. नाही.

१८:२० नाही.

जाऊन बघतो.'

पानावर पुढे काही नव्हतं. ओळ सरळ होती, अक्षर नेहमीचं. जाकिटाचा उल्लेख नव्हता. घरातल्या घरात दुसऱ्या खोलीत बघायला जाताना जाकीट कोण घालतं?

मी पळी घेतली आणि ओट्यावर आपटत राहिले. दोन. दोन. दोन. मग दोनाचा हिशेब राहिला नाही. कुकर रिकामाच आपटला, यंत्र लावलं, सगळे नळ सोडले, त्याचं नाव घेऊन हाका मारल्या. आम्ही हाका मारत नव्हतो. शेजारून मिसेस टॅननी भिंतीवर हात मारला तेव्हा मी थांबले.

भिंतीतून काही आलं नाही.

८

शुक्रवारी सकाळी वारा फिरला. आकडा ऐंशीवर आला. समोरचा ब्लॉक होता तिथेच होता. लोकांनी खिडक्या उघडल्या, बांबू बाहेर आले. मीही टॉवेल काढले आणि कितीतरी दिवसांनी लाकडी दार सताड उघडून बाहेरची लोखंडी जाळी तेवढी लावून ठेवली.

मिसेस टॅन पोछा घेऊन जाळीपाशी आल्या. मी बरी आहे ना, काल रात्री कशाची आदळआपट होती, हे विचारून झाल्यावर त्यांनी खाली बोट दाखवलं. माझ्या दाराबाहेर पाणी साचलं होतं. त्यांनी सकाळी एकदा पुसलं होतं, पुन्हा आलं.

"युवर एअरकॉन लीकिंग इज इट?" त्या म्हणाल्या. "सो कोल्ड वन. लाइक आइस वॉटर."

मी म्हटलं, बघते. एसी घराच्या दुसऱ्या टोकाला आहे. तो कालपासून बंद होता.

दुपारी मी बॅग भरली. ऋचाला फोन केला, उद्या येते म्हणून सांगितलं. ती रडली. मी रडले नाही. मला शेवटचं पान सोडवायचं होतं आणि त्यासाठी ते पूर्ण वाळायला हवं होतं.

सहाला मी ओट्याशी पळी घेऊन उभी राहिले. टकटक आली नाही. दहा मिनिटं, वीस मिनिटं थांबले. तो तिथे नव्हता, म्हणून तिथून ठोठावणारं कुणी नव्हतं. एवढं मला समजलं.

पळी तशीच घेऊन टेबलाशी बसले. टेबल दाराच्या बरोबर समोर आहे, चार पावलांवर. वारा पुन्हा फिरला असावा, कारण घशाला धूर लागायला लागला आणि मी मास्क गळ्यात अडकवला. पानाखाली सुरी घातली. हे पान सगळ्यांत वाईट चिकटलं होतं. अर्धं सुटलं आणि एका हाताने ते धरून ठेवावं लागलं, सोडलं असतं तर फाटलं असतं.

तेव्हा दोनदा टकटक झाली. भिंतीतून नाही. लोखंडावर.

मिसेस टॅन बेल वाजवतात.

माझी मान पानावर वाकलेली होती. पान सुटलं. दिवसाचा आकडा नव्हता, वेळ नव्हती. अक्षर मोठं आणि वाकडं होतं, हातमोजा नसलेल्या, बोटं न वळणाऱ्या हाताचं.

'लोखंडी जाळी आहे. आत दिवा. ती टेबलाशी. ठीक आहे. गळ्यात मास्क, हातात सुरी, काहीतरी वाचते. दोन दिले. मान वर करत नाही. कामात असेल. बसतो इथेच.'

खाली कोरं.

९

हे मी तेव्हापासून लिहिते आहे, मान खाली घालूनच. उजव्या हातात पेन आहे, डाव्यात पळी. पळी दोनदा वाजवली की अर्थ ठरलेला आहे, ठीक आहे, यायची गरज नाही. तो उठेल आणि चारशे मीटर मागे जाईल. केबिन ऊबदार आहे, ताटली झाकलेली आहे, सहा दिवसांत बदली पोहोचणार आहे. वाजवायला एक क्षणही लागत नाही.

पण तो बसलेला सापडला. अहवालात तसं आहे. म्हणजे पळी वाजली नव्हती.

ती का वाजली नसेल, हे मला आता इथे बसून कळतं. सात महिन्यांनी तो चार पावलांवर आहे. वाजवली तर तो जाईल. मान वर केली तर तो दिसेल.

फोन दोनदा वाजून थांबला. ऋचा असेल. बॅग दाराशी भरून ठेवली आहे, जाळीच्या आतल्या बाजूला, आणि तिथपर्यंत जायचं तर मान वर करावी लागेल.

पायाला पाणी लागलं आहे. गार आहे.